चार वाजेपर्यंतचा उजेड

सुनेने खिडकीवर रजई टांगली. आजीने ती ओढून खाली पाडली.

"आई, खोलीत आवाज घुमतो हो," सून म्हणाली. "भिंती झाकून झाल्या, तेवढी खिडकीच राहिलीय."

"आणि मला सुई दिसत नाही." आजीने दोरा ओवला, तोही पहिल्या फटक्यात, आणि सगळ्यांनी ते पाहिलंय याची खात्री करून घेतली.

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगा व्हायोलिन घेऊन उभा, सून पियानोशी, आणि नात कानांना हेडफोन लावून वायरींच्या गुंत्यात रेकॉर्डिंगला बसलेली. या घरात माणसं चार आणि वाद्यं अकरा. काहीच वाजवत नसे ती एकटी आजी, त्यामुळे काही हलवायचं झालं की पहिला नंबर तिच्या सामानाचा लागायचा. गाणं आज संध्याकाळी पाठवायचं होतं. समोरची शाळा चारला सुटे आणि रस्त्यावर पोरांचा कालवा सुरू होई, म्हणजे शांतता चारपर्यंतच. पानगळीचे शेवटचे दिवस, उजेडही चारपर्यंतच. आणि आजीच्या शिलाई मशीनवर पसरलेला काळा कोटही चारच्या आत द्यायचा होता.

कोट बस चालवणाऱ्या बाईचा होता. त्याची चेन तुटली होती. आजीने सकाळभर बसून जुने टाके उसवले होते, आणि नवी चेन एका बाजूने लागली होती.

"मशीन मागच्या खोलीत नेऊ," मुलगा म्हणाला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"मागच्या खोलीत भरदुपारी दिवा लागतो. काळ्या कापडावर काळा दोरा, दिव्याच्या उजेडात. तू घालशील टाका?"

"मग उद्या दे. एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतं, आई? कोटच तर आहे."

आजीने मान वर केली. तिला राग आला होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

"तिच्या बसचं दार दर थांब्याला उघडतं. दिवसातून दोनशे वेळा वारा आत येतो. चार दिवस ती सेफ्टी पिना लावून बस चालवतेय. म्हणे कोटच तर आहे."

मुलाने नातीला खूण केली. दोघांनी मशीन दोन बाजूंनी धरलं. आजी उठली नाही. पायडलवरचा पाय तिने काढला नाही, उलट दोन्ही कोपरं मशीनच्या फळीवर टेकवली.

"उचला," ती म्हणाली. "पण मलाही उचलावं लागेल."

त्यांनी थोडा जोर लावूनही पाहिला. या घरातली माणसं एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नसत, आणि हा गुण त्यांच्यात कुठून आला हे त्या क्षणी कुणाला आठवलं नाही. आधी नातीने हात काढला.

"बाबा, सोडा. ही हलायची नाही."

मशीन चालू झालं. मुलगा कपाळाला हात लावून ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता त्याची मान डोलायला लागली. या लोकांचं दुखणंच ते. नळ गळायला लागला तरी आधी त्याच्या मात्रा मोजतील, मग प्लंबरला बोलावतील.

"आई," तो म्हणाला. आता आवाजात साखर होती. "काय सुरेख चालतंय गं. तुझं मशीनच घेऊया ना गाण्यात. तुझं नावसुद्धा देऊ."

सुनेला कल्पना एकदम पटली. नातीने लगेच माइक आणून मशीनपाशी उभा केला. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. पण आजी हरभऱ्याच्या झाडावर चढणाऱ्यांतली नव्हती.

"काढ ते."

"अगं, तू नेहमीसारखंच चालव. फक्त जरा एका गतीत."

"एका गतीत नाही चालत ते. जाड कापड आलं की हळू, पातळ आलं की भरभर. तुमच्या ठेक्यात चालवलं तर चेन वाकडी बसेल." तिने पालथ्या हाताने माइक बाजूला सारला. "पन्नास वर्षं मी या मशीनवर माणसांचे कपडे शिवतेय. आता म्हातारपणी त्याला तुमच्यामागे वाजायला बसवू? हे माझं काम आहे. तुमच्या कामातली गंमत नाही."

खोलीत शांतता पसरली. रेकॉर्डिंगला हवी होती अगदी तशीच, पण रेकॉर्ड करायचं कुणाला सुचलं नाही. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं, आणि ते थांबवायला कुणी पुढे आलं नाही.

पावणेचारला बसवाली बाई आली. वायरी ओलांडत, व्हायोलिनला धक्का लागणार नाही अशा बेताने ती आत शिरली.

"आजी, झाला का? माझी ड्यूटी सुरू होतेय."

"ये, उभी राहा." आजीने तिला कोट चढवला. चेन खालून थेट हनुवटीपर्यंत ओढली, खाली घेतली, पुन्हा वर नेली. "अडतेय का कुठे?"

"नाही." बाईने कॉलर वर केली आणि खांदे एकदा हलवून पाहिले. "गळ्याशी वारा लागायचा नाही आता." आली तशीच ती लगबगीने निघून गेली.

मुलाने घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने व्हायोलिन खांद्याला लावलं. "चला, दहा मिनिटं आहेत. एका दमात घेऊ."

आजी खाली वाकली. पायाशी कोटांचा ढीग होता. त्यातला पोस्टमनचा कोट तिने उचलला, फाटलेलं अस्तर उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"आई," मुलगा म्हणाला, "अजून किती वेळ?"

"हिवाळा संपेपर्यंत," आजी म्हणाली आणि तिने पायडल दाबलं.