हुश्श

"हुश्श" पुन्हा फसलं. पडद्यावरच्या बापाचे ओठ अचूक पकडले होते, पण आवाजात सुटका नव्हती.

काचेच्या अलीकडे बसलेल्या मुलाने रेकॉर्डिंग थांबवलं. पलीकडे माइकसमोर त्याचेच बाबा उभे होते. परभाषेतल्या सिनेमांना आवाज देण्यात त्यांची हयात गेली होती. रडणं, खोकणं, घशात घास अडकणं, सगळं त्यांच्या डाव्या हातचा मळ. आणि आज एवढ्याशा हुश्शने त्यांना घाम फोडला होता.

सिनेमा तसा हलकाफुलका. एका पोराचं एकाच खोलीत राहणाऱ्या मित्रावर प्रेम आहे, असा घरच्यांचा समज होतो. सगळे डोक्याला हात लावून बसतात. शेवटी कळतं, की पोराचं मन जडलंय ते मित्राच्या बहिणीवर. मग बाप कपाळ पुसत म्हणतो, हुश्श. इथे सगळं थिएटर खो खो हसणार, अशी डबिंगच्या दिग्दर्शिकेची खात्री होती.

मुलाला मात्र हसू येत नव्हतं. त्याचंही प्रेम एका मुलावरच होतं, आणि त्यात कसलाही गैरसमज नव्हता. बाबांना सांगू सांगू म्हणत वर्षं गेली, पण जीभ रेटत नव्हती. सकाळी बाबांनी "कुणावरही प्रेम कर, जेवायला मात्र घरी ये" हे सिनेमातलं वाक्य एका दमात म्हटलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. पण तो अभिनय झाला. बाबा खलनायकाच्या तोंडूनही लोकांना रडवायचे. खरं काय ते या हुश्शमध्ये कळणार होतं. ते मनापासून निघालं, की आपलं तोंड कायमचं बंद, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

"अहो, मुलगा तसा नाही हे कळलंय तुम्हाला! जीव भांड्यात पडू द्या की," दिग्दर्शिका वैतागली. मग उठलीच. "मी चहा घेऊन येते. तुम्ही बापलेक काय ते उरका."

दार लागलं. खोलीत फक्त यंत्रांची घरघर उरली. मुलाने बोलायचं बटण दाबलं.

"बाबा, एवढं काय अवघड आहे त्यात?"

बाबांनी हेडफोन काढून मानेवर ठेवला. मग त्यांचा आवाज स्पीकरमधून आला, कुठलाही अभिनय नसलेला.

"हुश्श म्हणायला आधी छातीवर दगड असावा लागतो रे. तू तुझ्या त्या मित्राला पहिल्यांदा घरी आणलंस, तेव्हाच मला सगळं उमगलं होतं. दगड काही जाणवला नाही. आता हुश्श कुठून आणू?"