पांढऱ्या भिंतीवरचा डाग

दिपालीनं पहिला फोटो पाकिटातून बाहेर काढला आणि तिचा हात तिथंच थबकला.

भूतानातल्या पुनाखाच्या किल्ल्याच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, डावीकडे, हरभऱ्याएवढा काळा डाग होता.

तिनं दुसरा काढला. कड्याला चिकटलेला मठ, खाली धुकं. त्यातही डावीकडे डाग. तिसऱ्यात जुना लाकडी पूल, आणि पुलाच्या टोकाशी डाग. मग तिनं भराभर फोटो उपसून पलंगावर मांडले. जो उचलावा त्याला डाग.

दुपारी नागपूरहून देशकर साहेब कळंबला तिच्या घरी येणार होते. डोंगराळ मुलखातल्या जुन्या वास्तूंचं मोठं पुस्तक ते काढत होते. छापील फोटो हातात घेऊन पाहिल्याशिवाय ते कोणाला काम देत नसत. आणि भूतानला निघताना दिपाली घरात सगळ्यांसमोर बोलून बसली होती, "यातून काम नाही मिळालं तर कॅमेरा कपाटात." तिचा नवरा कपिल हसला होता. सासूबाई हसल्या नव्हत्या. "लेकरू टाकून डोंगर पाहाले चालली," एवढंच कोकिळाबाई म्हणाल्या होत्या.

तिनं लॅपटॉप उघडला. तिथं सगळे फोटो स्वच्छ. मग यवतमाळला गोपालला फोन लावला. फोटो त्यानंच छापले होते.

"मी सोता पाहून पाकिटात भरले ताई," गोपाल म्हणाला. "आन मशीनचा डाग असता तं साऱ्या फोटोत एकाच जागी आला असता न."

ते खरंच होतं. डाग डावीकडेच होते, पण कुठं जरा वर, कुठं जरा खाली.

"आत्ता परत छापून देशील?"

"लाइटच नाही इकडं सकाळपासून. उद्या या."

उद्या! तिनं कापसाचा बोळा घेऊन किल्ल्यावरचा डाग हळूच पुसायला घेतला. तो निघाला नाहीच, उलट तेलकट काळी शेपटी ओढत भिंतभर पसरला. काजळी. दिपालीनं बोळा नाकाशी नेला, खिडकीतून परसात पाहिलं. अंघोळीच्या पाण्याची चूल अजून धुमसत होती. ती चूल रोज पहाटे कोकिळाबाईच पेटवत.

काल यवतमाळहून आणलेलं पाकीट लहानग्या लेकीच्या, छकुलीच्या, हाती लागू नये म्हणून तिनं सासूबाईंच्याच खोलीत, कपाटावर ठेवलं होतं.

तिला काही उमजेना. ती भूतानात असताना याच बाई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून छकुलीला मांडीवर घेऊन बसायच्या. "दाखव व तुह्या मायचे डोंगर," म्हणत स्वतःच स्क्रीनमध्ये डोळे घालायच्या. मग हे काय?

कोकिळाबाई ओट्यावर होत्या. छकुलीला न्हाऊ-माखू घालून, तीट-पावडर करून, तिला मऊ भात भरवत होत्या.

"आई, तुम्ही फोटोंना हात लावला?"

"लावला. काहून? आमी पाहू नाही का?"

"तसं नाही, पण..."

"एकेक पाह्यला. त्या कड्यावरचा पाहून तं पोटात गोळाच आला बाप्पा. पाय घसरला असता म्हंजे?" त्यांनी छकुलीच्या तोंडात घास दिला. "तुह्ये ते साहेब एकटेच येऊन राह्यले का?"

"दोघंतिघं असतील. पसंत पडलं तर पुस्तकात छापतील. मग हजारो लोक बघतील."

"हजारो." कोकिळाबाईंनी मान हलवली. "मंग बरोबर."

"काय बरोबर?"

"काई नाही. पाण्याचा गिलास दे इकडं."

दिपालीनं गिलास दिला. "आई, सगळ्या फोटोंवर डाग पडलेत."

"पडले नाहीत," कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या. "आन पुसू नको ते."

दिपाली तडक आत आली. सरळ कबूल! वर पुसू नको! भांडल्या असत्या, टोमणा मारला असता तर तिनं चार शब्द ऐकवले असते.

तिनं कपिलला फोन लावला. तो दिग्रसला कापसाच्या जिनिंगवर होता. मागं यंत्रांची घरघर चालली होती.

"आईंनी माझे सगळे फोटो खराब केले."

"आईनं? ती काहून करन? काल राती तं मले फोनवर तुह्या फोटोचंच..."

"तुम्ही आईंचीच बाजू घ्या," म्हणत तिनं फोन कापला.

ठरलं तर. देशकर साहेबांना येऊ नका म्हणून सांगायचं, छकुलीला उचलायचं आणि बाभुळगावला माहेरी निघून जायचं. कॅमेरा इथंच राहू दे, कपाटात. सासूबाईंच्या मनासारखं होऊ दे.

तिनं देशकरांचा नंबर लावला. रिंग जात होती. एका हातानं ती फोटो परत पाकिटात कोंबायला लागली, तर आत काहीतरी अडलं. तळाशी एक फोटो राहिला होता. निवडीसाठीचा नव्हता तो. वाटाड्यानं काढलेला तिचाच फोटो, लाल जॅकेटमधला, मागं पुनाखाचा किल्ला. कपिलनं घरात लावायला म्हणून मागवलेला.

छकुली भाताच्या हातानं डुलत डुलत आली आणि तिच्या गुडघ्याला बिलगून वर पाहू लागली.

"हॅलो, देशकर बोलतोय," फोनमधून आवाज आला. "बोला ताई, येऊ ना? हॅलो?"

दिपालीनं फोटो उजेडात धरला. या फोटोत किल्ल्याची भिंत स्वच्छ होती, डोंगर स्वच्छ होते, आभाळही स्वच्छ होतं. काळा ठिपका होता तो तिच्या स्वतःच्या डाव्या गालावर, खाली उभ्या छकुलीच्या गालावर होता अगदी तसाच.