साखरेचा पट्टा

"आता टोचाटोची नाही, रक्त काढणं नाही." कंपनीच्या डॉक्टरबाईंनी काकांच्या मनगटावर पट्टा बांधला. "कातडीवर उजेड सोडून साखर मोजतो हा. अजून चाचणीवर आहे. आकडे त्यातच साठतात. आठ दिवसांनी बघते, मग ठरवू तुम्हाला क्रेनवर ठेवायचं की नाही."

बांधकामावर सगळे त्यांना 'वरचे काका' म्हणत. वीस वर्षं ते क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून लोखंड उचलत होते. "आपलं सगळं वरच्याच्या हातात," म्हणून खालची मंडळी हसायची. काकांना या थट्टेचा अभिमान होता.

साखर मात्र हातात राहिली नव्हती. गोळ्या चुकायच्या, गोड सुटायचं नाही. क्रेन गेली तर गोदामात खिळ्यांची पोती राखत बसायचं, या विचारानंच त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

त्या संध्याकाळी त्यांनी पट्टा सोडून बायकोपुढे धरला.

"आठच दिवस. तू घाल."

"मी? का?"

"तुला कधी काय झालंय? डॉक्टरची पायरी चढल्याचं आठवत नाही मला."

"खाली माणसं असतात हो," एवढंच ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडला.

"वाळलीस गं."

"तुमच्या काळजीनं."

आठवडाभर ती धड बोलली नाही. स्वयंपाक आवरला की भिंतीकडे तोंड करून पडायची. रागावली आहे, हे काकांना कळत होतं. तिच्या मनगटाकडे बघायचं ते टाळू लागले.

आठव्या दिवशी दुपारी केबिनमध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे धूसर झालं. लोखंडी तुळई हेलकावली आणि खाली इशारे देणाऱ्या माणसापासून हातभर अंतरावर आदळली. तो पांढराफटक पडला. मग वर बघत वॉकीटॉकीवर हसला, "काका, थोडक्यात नेम चुकला तुमचा!"

त्यानं साहेबांना काही सांगितलं नाही. वरच्या काकांच्या हातून चूक होईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या हसण्यानं काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टा दवाखान्यात दिला, पण क्रेनवर चढले नाहीत. दुपारी डॉक्टरबाईंचं बोलावणं आलं.

"बसा काका. तुमचे आकडे बघितले."

काका उभेच राहिले. "आधी माझं ऐका. मला क्रेनवरून काढा. काल एक माणूस माझ्या हातून मरता मरता वाचला." त्यांची मान वर होईना. "ते चांगले आकडे माझे नाहीत. पट्टा आठही दिवस बायकोच्या हातात होता. तिची चूक नाही, मीच बळजबरी केली."

"चांगले आकडे?"

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"आठ दिवसांत साखर एकदाही तीनशेच्या खाली आलेली नाही. तुम्हाला लगेच भरती करायचं म्हणून गाडी मागवली होती मी."

काका पडद्याकडे बघत राहिले.

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. "घरचा पत्ता सांगा. लवकर. बाईंजवळ आत्ता कोण आहे?"