न पडलेली ग्रिड

"ग्रिड पडली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग वीज तोडलीत कशाला?"

वीज नियंत्रण केंद्रातल्या चौकशीच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे ती एकटी होती. पलीकडे साहेब, आणि मान डोलवायला आणलेले आणखी दोघे. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या दुपारी उन्हानं घराघरांत एसी सुरू झाले, भार चढत गेला, व्होल्टेज उतरत गेलं. पुढचा अंदाज दाखवणारी रेघ पडद्यावर धोक्याच्या कडेला येऊन टेकली. त्या कडेपलीकडे व्होल्टेज हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतं आणि सगळ्या प्रदेशाला अंधारात नेतं. म्हणून तिनं शहराची एक बाजू पाऊण तास बंद ठेवली. बाकीचं वाचलं.

वाचलं, हे तिचं म्हणणं. बंद पडलं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. एका बड्या कारखान्याची भट्टी थंडावली आणि वरून फोन आले. दुर्दैवानं त्याच भागात तिचं घरही होतं, आणि सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या. तेव्हापासून घरी दुसरी चौकशी समिती बसली होती, ती इथल्या समितीपेक्षा कडक. नवऱ्यानंसुद्धा विचारलं होतं, दुसरा भाग नव्हता का? ते तिला फार लागलं होतं.

खोलीच्या एका भिंतीला काच होती. पलीकडे कंट्रोल रूममध्ये तिच्या खुर्चीत आज तिचा शिफ्टमधला जोडीदार बसला होता. वयामुळे सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्यासमोरचा मोठा पडदा तिला इथून दिसत होता. साहेब जबाबदारी या विषयावर बोलत राहिले आणि तिचे डोळे रेघेवर खिळले. रेघ पुन्हा कडेकडे निघाली होती.

तिनं बोट करून दाखवलं. साहेबांनी वळून पाहिलं, पण पडद्याकडे नाही, मामाकडे. मामाही त्यांच्याकडेच बघत होता, हात माऊसवर. त्यानं मानेनंच विचारलं, तोडू? साहेबांनी 'थांब' म्हणून तळहात दाखवला.

"तोडायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता नाही तोडलं तर मग हातात काही राहणार नाही."

"बाई, तुम्ही निलंबित आहात. पडद्याची भीती घालून सुटका होत नसते."

ती उठली आणि तिनं काचेवर थाप मारली. मामानं एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याची निवृत्ती जवळ आली होती, आणि तिचं काय झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. तिला त्याचा संताप आला. आणि लगेच वाटलं, त्या दिवशी आपणही हेच करायला हवं होतं.

दिवे गेले. एसीची घरघर थांबली. काचेपलीकडे बॅटरीवरचे पडदे तेवढे उजळलेले राहिले आणि नकाशावरची शहरं एकामागून एक काळी पडत गेली. साहेबांच्या खिशातला फोन वाजू लागला, मग टेबलावरचा, मग तिचाही. तिचा घरून होता.

कुणीच उचलला नाही.

"हे आधी थांबवता आलं नसतं का?" साहेबांनी अंधारात विचारलं.

"थांबवलं होतं की, साहेब," ती म्हणाली. "त्याचीच चौकशी चाललीय."