शेजारची फाइल

आवाज गेला म्हणून गळ्यात बोलण्याचं यंत्र बसवल्यापासून दामोदर चोगले बातम्या देणाऱ्यासारखे बोलत. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात हयात गेलेली. त्या गुळगुळीत आवाजाची त्यांना इतकी लाज वाटली, की ते बोलेनासेच झाले.

आज दवाखान्यातल्या तंत्रज्ञ मृण्मयीने यंत्रात सुधारणा केली. "सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलंय, शेजारच्या फाइलमधला आवाज घे," ती त्यांच्या बायकोला, चंद्राबाईंना, म्हणाली. "पण यंत्र शेजार शोधायचं कंपनीच्या साठ्यात, म्हणून तो बातम्यांचा आवाज. आता ही सेटिंगची फाइल कुठून आली ते त्याला कळतं, आणि शेजार ते तिथेच शोधतं. ती तुमच्या घरच्या फोनमधून आलीय."

"मग तिथे शेजारी काय आहे?"

"ऐकाच."

चोगल्यांनी भीतभीत तोंड उघडलं. "चंद्रा, घरी चल गो."

शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. फोनमध्ये त्यांचा एकच आवाज साठवलेला होता, भर लिलावातला.

"हळू बोला, लोक ऐकतायत," असं चंद्राबाई जन्मभर त्यांना सांगत आल्या होत्या. त्यांनी मृण्मयीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "परत बोला. ऐकू दे लोकांना."