ऑपरेशनआधीची ओढणी

ऑपरेशनची वेळ झाली, तरी आजी डोक्यावरची ओढणी काढायला तयार नव्हत्या. "न्हाणीघर सोडलं तर ही कधी उतरली नाही," त्या म्हणाल्या. "आज परक्यांपुढे उतरवू? त्यापेक्षा पोटातला खडा राहू दे तिथंच सुखानं."

"अहो आई, तुम्हाला भूल देणार आहेत. कळणारसुद्धा नाही," सून काकुळतीला आली.

"भूल मला देणार गं. देवाला नाही."

सिस्टर हसली आणि एक हिरवी टोपी घेऊन आली. "आजी, आत ओढणी चालत नाही, पण उघडं डोकंही चालत नाही. एकूण एक केस हिच्यात झाकायचा. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. हवं तर बघा."

आजींनी स्ट्रेचरवरूनच ऑपरेशन थिएटरच्या दाराच्या काचेतून पाहिलं. बाहेरच्या चपला बाहेर. बाई असो की पुरुष, सगळ्यांची डोकी झाकलेली. मोठे डॉक्टर कोपरापर्यंत धुतलेले ओले हात छातीशी धरून चकार शब्द न बोलता उभे होते.

आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, "पडदा ओढ बाई, आणि घाल ती टोपी. हे आधी नाही का सांगायचं?"

स्ट्रेचर आत निघालं. त्यांचा हात धरून सूनही दारापर्यंत आली, तशा आजी दटावून म्हणाल्या, "अगं, मागे हो! अशा ठिकाणी उघड्या डोक्यानं येतात का?"