तीनडोळीची माणसं

आटपाडीच्या माळावरल्या रिकाम्या पोल्ट्री शेडात भर दुपारी गाणं रंगात आलं आणि हरणाबाईनं दारातनं आरोळी ठोकली, "बंद करा ते!"

ढोल थांबला. गिटार मात्र विहिरीत पडल्यागत घुमतच राहिली. समोर पन्नासेक पोरंपोरी डोळे मिटून डुलत होती. साताऱ्यापासनं, सांगलीपासनं आलेली. सगळ्यांच्या अंगात एकसारखा काळा शर्ट, त्यावर तीन डोळ्यांची मेंढी. बँडचं नावच 'तीनडोळी'.

"मेंढराला तीन डोळं! काढणाऱ्यानं काय ओढलं व्हतं रं?"

"आवं आजी, ह्ये सायकेडेलिक रॉक हाय," ढोलवाला इंद्रजित म्हणाला. "ऐकणाऱ्याचं ध्यान लागतं."

"चिलीम ओढून लागलेलं ध्यान बी लय बघितलंय मी."

गाणारी स्वप्नाली, हरणाबाईची नात, माइक धरून उभी होती. उद्या बँडबरोबर बेंगळुरूला निघायचं होतं. आजीनं सकाळीच बजावलं होतं, ऐकायला येणाऱ्यांतला एक जरी गांजा ओढलेला घावला, तर तू घरात; न्हाई घावला तर खुशाल जा.

हरणाबाईनं पदर खोचला. सारा जन्म मेंढरामागं गेलेला. मेंढरू धड का आजारी, हे ती खालची पापणी ओढून सांगायची. तशीच रांगेत शिरली. हनुवटी धरायची, अंगठ्यानं पापणी ओढायची, तोंड हुंगायचं, पुढं सरकायचं.

"काय खाल्लंस?"

"मिसळ."

"कळलं. तोंड मीट."

पुढच्याची पापणी पांढरीफट्ट. "रगत न्हाई तुझ्यात. गूळ-शेंगदाणं खात जा, डुलत काय बसतोस!"

शेवटच्या रांगेतल्या पोरीचे डोळे लालभडक निघाले.

"घावली!" हरणाबाई गरजली. स्वप्नालीच्या हातातला माइक खाली आला.

हरणाबाईनं पोरीचं तोंड हुंगलं, बोटं हुंगली, पिशवी पालथी केली. चुरमुऱ्याचा पुडा, एसटीची तिकिटं, एक ओढणी. काहीच नाही. अंगठ्याला गाल मात्र ओला लागला.

"रडतीयास व्हय? कोण मेलं?"

"कोणी नाही, आजी. ह्या गाण्याला येतंच रडू. सोळा शो झाले, दरवेळी येतं."

"आई हाय न्हवं तुला?"

"आहे की. इस्लामपूरला."

"तिला कवा भेटलीस?"

पोरगी आठवत राहिली. आठवता आठवता तिचे डोळे पुन्हा मिटले, मान डुलायला लागली. गिटार अजून वाजत होती.

"आजे, घावलं न्हाई न्हवं कोण?" स्वप्नाली धावत आली. "मग जाऊ मी?"

हरणाबाईनं त्या पोरीकडं बघितलं, मग नातीकडं. ओला अंगठा लुगड्याला पुसला.

"जा. शब्द दिलाय."

दारापाशी जाऊन ती थांबली.

"गांजा असता तर उतरला तरी असता."